एपीचे गुण आणि कॉलेजचा प्रवेश: नेमका किती फरक पडतो?

मैथिली_एनजे, 9 जुलै 2025

परवा एपीचे, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे (अमेरिकेतल्या शाळेत शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय आणि त्यांच्या परीक्षा, गुण 1 ते 5) निकाल लागले. लेक आता बारावीत जातेय. कॅल्क्युलस बीसीत (कॅल्क्युलसचा वरच्या पातळीचा एपी) 5, इंग्लिश लँग्वेजमध्ये 4 आणि यूएस हिस्टरीत 3 आलेत. शाळेत तिन्ही विषयांत वर्षभर ए होता, त्यामुळे हिस्टरीचा 3 तिला फार लागलाय. बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचं म्हणते, मेडिकलचा विचारही अजून सोडलेला नाही. यादीत आमच्या न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ रटगर्स आहे, एक-दोन यूसी (कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं) आहेत, टेक्ससचं यूटी ऑस्टिन आहे आणि येलसारखी दोन-तीन अवघड नावं आहेत.

मी आणि नवरा दोघंही नागपूरला शिकलो. बारावीचे मार्क हातात पडले की आपण रांगेत कुठे आहोत ते तिथल्या तिथे कळायचं. इथे तसं काही कळत नाही. मंडळाच्या पिकनिकला कुणी म्हणालं, 5 नसेल तर अर्जात लिहूच नका. कुणी म्हणालं, कॉलेजं एपीचे गुण बघतच नाहीत. एका काकांनी तर हा 3 रद्दच करून टाका असा सल्ला दिला. आणि बारावीत तिला पाच एपी घ्यायचेत, कारण मैत्रिणी घेतायत.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. हा 3 लिहायचा की नाही, आणि बारावीतल्या पाच एपींचा प्रवेशाला खरंच काही उपयोग होतो का?

निशिकांत, 9 जुलै

मैथिली, सगळ्यात आधी: रद्द काहीही करू नका. कॅन्सल केलेला स्कोअर कायमचा जातो. एखाद्या कॉलेजला तो दिसू नये असं वाटलं तर त्या कॉलेजपुरता रोखून ठेवायची वेगळी सोय कॉलेज बोर्डाकडे (एपीच्या परीक्षा घेणारी संस्था) आहे, थोडी फी पडते, आणि ती नंतर उठवताही येते. पण तेवढं करायचीही गरज पडेल असं मला वाटत नाही.

एपीचा वर्ग आणि एपीची परीक्षा या दोन गोष्टी आपले लोक एकत्र बोलतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. वर्ग वर्षभर चालतो, त्याची ग्रेड शाळा देते आणि ती ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) छापली जाते. परीक्षा मे महिन्यात कॉलेज बोर्ड घेतं, तिचे 1 ते 5 गुण जुलैत येतात. प्रवेश समिती मुख्यतः पहिली गोष्ट बघते: शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं मुलानं किती अवघड घेतलं आणि त्यात कसं केलं. शाळेत किती एपी शिकवले जातात हे काउन्सेलर स्कूल प्रोफाइलमध्ये लिहून पाठवतो. शाळेत सहाच एपी असतील आणि मुलीनं पाच घेतले असतील तर पंचवीस एपी असलेल्या शाळेतल्या मुलीशी तिची सरळ तुलना होत नाही.

यूसीचं उदाहरण देतो, कारण तिथले नियम उघड लिहिलेले आहेत. दहावी-अकरावीच्या ग्रेड धरून जीपीए (ग्रेडची सरासरी) काढतात. एपीच्या वर्गात सी किंवा वरची ग्रेड असेल तर दर सेमिस्टरला एक जादा पॉइंट, म्हणजे ए चे 4 ऐवजी 5. हे जादा पॉइंट जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना मिळतात आणि त्यातले दहावीचे चारच धरतात. वर्षभराचे चार एपी झाले की ही मर्यादा भरली. आणि यात परीक्षेच्या स्कोअरचा संबंधच नाही. मुलानं मे महिन्यात परीक्षा दिलीच नाही तरी जादा पॉइंट मिळतो. तुमच्यासारख्या कॅलिफोर्नियाबाहेरच्यांसाठी एक महत्त्वाचं: तुमच्या शाळेतल्या ऑनर्स (शाळेच्या स्वतःच्या वरच्या पातळीच्या) वर्गांना यूसी जादा पॉइंट देत नाही, एपी आणि आयबीलाच (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) देतं.

एसएटी-एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षा यूसी बघतच नाही. त्यामुळे एपीचे गुण हीच काय ती बाहेरची परीक्षा उरते आणि त्यांचा थोडा आधार मिळतो. 5 असेल तर "वर्गातली ए खरी आहे" याला दुजोरा मिळतो. तेवढंच काम तो करतो.

आता बारावीचे पाच एपी. त्यांच्या परीक्षा पुढच्या मेमध्ये, निकाल जुलैत. प्रवेशाचे निर्णय मार्चअखेर लागलेले असतात आणि 1 मेपर्यंत कॉलेज नक्की करायचं असतं. म्हणजे बारावीचे स्कोअर प्रवेशापर्यंत पोचतच नाहीत. विषयांची नावं दिसतात आणि पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड बऱ्याच ठिकाणी जातात. पाच घेऊन दोन बी आल्या तर त्या मात्र नक्की पोचतील.

डॅलसकर, 9 जुलै

निशिकांतना पूर्ण अनुमोदन. टेक्ससचं सांगतो, कारण यादीत यूटी आहे.

इथल्या मुलांसाठी सगळा खेळ क्लास रँकचा, म्हणजे शाळेतल्या क्रमांकाचा. टेक्ससमधल्या शाळेत वरच्या ठरावीक टक्क्यांत असाल तर सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश, हा कायदा 1997 चा आहे. यूटी ऑस्टिनसाठी ती मर्यादा खाली येत येत 2026 च्या प्रवेशाला वरच्या 5 टक्क्यांवर आलीय. रँक निघते वेटेड जीपीएवर आणि एपीच्या वर्गाला वजन जास्त, म्हणून आमच्याकडे नववीपासून ह्युमन जिऑग्रफी घेण्यासाठी झुंबड उडते. परीक्षेत 2 आला काय किंवा 5 आला काय, रँक हलत नाही. अर्थात तुमची लेक न्यू जर्सीची, तिला हा थेट प्रवेश नाहीच. तिचा अर्ज पूर्ण वाचूनच ठरेल.

पण प्रवेश मिळाल्यावर इथे 3 ची किंमत कळते. 2015 मध्ये टेक्ससनं कायदा केला की सरकारी कॉलेजांनी 3 ला क्रेडिट द्यायचं (म्हणजे कॉलेजचा तो कोर्स झाला असं धरायचं), जास्त गुण का हवेत हे कॉलेजनं पुराव्यानिशी दाखवलं तरच अपवाद. आणि सरकारी विद्यापीठातल्या प्रत्येक पदवीला अमेरिकन इतिहासाचे सहा क्रेडिट-तास सक्तीचे आहेत, इंजिनिअर असो की नर्स. यूएस हिस्टरीचा स्कोअर नेमका तिथे कामी येतो. ज्या 3 साठी पोर दोन दिवस उदास आहे तो काही मुलांची पहिल्या वर्षाची धावपळ वाचवतो. म्हणून रद्द करा म्हणणाऱ्या काकांचं अजिबात ऐकू नका.

रोखठोक, 10 जुलै

थोडं वेगळं मत मांडतो. "गुण बघतच नाहीत" हे खूप पसरलंय आणि ते पूर्ण खरं नाही.

येलनं फेब्रुवारी 2024 मध्ये टेस्ट-फ्लेक्सिबल धोरण जाहीर केलं. एसएटी, एसीटी, एपी किंवा आयबी यांपैकी काहीतरी द्यावंच लागतं. एपीचा मार्ग निवडलात तर तोपर्यंत दिलेल्या सगळ्या एपी परीक्षांचे गुण द्यायचे, त्यातले निवडून नाही. म्हणजे तिथे 5 आणि 4 सोबत 3 ही जाणार. एसएटी चांगली असेल तर प्रश्न वेगळा. हार्वर्ड आणि कॅलटेकनंही 2024 मध्ये एसएटी-एसीटीची सक्ती परत आणली, एमआयटीनं त्याच्या आधी 2022 मध्ये. ग्रेड इतक्या सैल झाल्यात की बाहेरचा आकडा कुणालातरी हवाच असतो.

आणि जिथे स्वतःहून लिहायची मुभा आहे तिथे रिकामी जागाही वाचली जाते असं माझं मत आहे. ट्रान्सक्रिप्टवर अकरावीपर्यंत सात एपी, सगळ्यांत ए, आणि अर्जात दोनच स्कोअर? वाचणारा बाकीच्या पाचांबद्दल अंदाज बांधणारच. हो, मुलांनी परीक्षा न देण्याची कारणं असतात. 2025 मध्ये अमेरिकेत एका परीक्षेची फी 99 डॉलर आहे, सात परीक्षा म्हणजे जवळजवळ सातशे. सगळ्यांना ते जमत नाही आणि समितीलाही ते माहीत असतं. पण न्यू जर्सीतल्या एडिसन, प्लेन्सबरोसारख्या सुस्थितीतल्या गावांकडच्या अर्जांत ते कारण कुणी गृहीत धरेल असं वाटत नाही.

निशिकांत, 10 जुलै

रोखठोक, येलबद्दलचा मुद्दा बरोबर. रिकाम्या जागेबद्दल मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. बहुतेक कॉलेजं स्पष्ट लिहितात की एपीचे स्कोअर देणं ऐच्छिक आहे. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी आमचा ठोकताळा साधा होता: 4 आणि 5 लिहायचे, 3 कुठल्या विषयात आहे ते बघून ठरवायचं. जो विषय पुढे शिकणार त्यातला 3 लिहायचा नाही. मैथिलींच्या लेकीला इंजिनिअरिंग करायचंय, कॅल्क्युलस बीसीचा 5 तिच्या अर्जातला सर्वात बोलका आकडा आहे. हिस्टरीचा 3 लिहिला तरी बिघडत नाही, नाही लिहिला तरी नाही.

एकच गोष्ट नक्की तपासा. काही शाळा एपीचे स्कोअर थेट ट्रान्सक्रिप्टवर छापतात. तुमच्या शाळेत तसं असेल तर हा सगळा वाद निकालात निघाला.

अनुराधा_मिशिगन, 10 जुलै

मी सरकारी विद्यापीठात गणित शिकवते आणि काही वर्षं जूनमध्ये एपी कॅल्क्युलसचे पेपर तपासायलाही जाते. देशभरातले कॉलेजचे आणि शाळांचे शिक्षक एकत्र बसून लेखी उत्तरं तपासतात. मुलांच्या उत्तरांबद्दल बोलता येत नाही, पण गुण देण्याचे नियम कॉलेज बोर्ड दरवर्षी जाहीर करतं, त्यामुळे तेवढं सांगते.

कॅल्क्युलसमध्ये 45 बहुपर्यायी प्रश्न आणि सहा लेखी प्रश्न, दोन्ही भागांना निम्मं-निम्मं वजन. प्रत्येक लेखी प्रश्न नऊ गुणांचा. 2025 पासून बहुपर्यायी भाग कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक अ‍ॅपवर होता, लेखी उत्तरं मात्र अजून हातानंच लिहायची. डिफरन्शियल इक्वेशनचा प्रश्न बहुतेक दरवर्षी असतो. त्यात मुलानं चलं वेगळी केली नाहीत, म्हणजे वाय एका बाजूला आणि एक्स दुसऱ्या बाजूला आणले नाहीत, तर उत्तर शेवटी बरोबर दिसलं तरी त्या उपप्रश्नाला शून्य. वेगळी केली, दोन्ही बाजू इंटिग्रेट केल्या पण सी (इंटिग्रेशनचा स्थिरांक) लिहायचा राहिला, तर तिथपर्यंतचे गुण मिळतात आणि पुढचे सगळे जातात. आपल्याकडून आलेल्या हुशार मुलांचं नेमकं इथे नुकसान होतं. तोंडी हिशेब पटापट होतो, कागदावर पायरी उतरत नाही. "कारण लिहा" असं विचारलं असेल तर नुसतं बरोबर उत्तर पुरत नाही, आलेखावरून किंवा प्रमेयाच्या अटी सांगून वाक्यात लिहावं लागतं.

दुसरं, 5 म्हणजे शंभरापैकी शंभर नव्हेत. जाहीर झालेले जुने पेपर बघितले तर बीसीत साधारण दोन तृतीयांश गुणांच्या आसपास 5 लागतो आणि बीसी देणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांना 5 मिळतो, कारण बीसीपर्यंत पोचणारी मुलंच मुळात गणितात पक्की असतात. फिजिक्स 1 मध्ये परवापरवापर्यंत 5 मिळवणारी दहातलं एखादं मूल असायचं. त्यामुळे 5 ची किंमत विषयावर अवलंबून असते आणि प्रवेश समितीलाही हे पाठ असतं.

यूएस हिस्टरीचं तर 2024 मध्ये गुणांचं मोजमापच बदललं. 2023 पर्यंत निम्म्याहून थोड्या कमी मुलांना 3 किंवा जास्त मिळायचे, 2024 मध्ये ते सत्तर टक्क्यांच्या वर गेलं. तेव्हा मोठ्या भावंडाचा 3 आणि धाकट्याचा 3 यांची घरात तुलना करू नये.

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते मात्र प्रवेशानंतरचं. अकरावीत बीसी करून 5 मिळवलेली मुलं बारावीत गणिताऐवजी दुसरंच काही घेतात आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये कॉलेजात थेट माझ्या मल्टिव्हेरिएबलच्या (अनेक चलांचं कॅल्क्युलस) वर्गात बसतात. पहिल्या आठवड्यात मी एक छोटी चाचणी घेते, बिनगुणांची. एक्स वर्ग गुणिले ई चा एक्सवा घात, याचं इंटिग्रेशन. दोनदा बाय पार्ट्स करायचं असतं. मुलं पहिली पायरी करतात, मग पेन थांबतं. त्यांना येत नसतं असं नाही, सव्वा वर्ष हात लागलेला नसतो. मैथिली, तुमच्या लेकीनं बारावीत गणिताचा कुठलातरी वर्ग घ्यावा, मग तो एपी असो वा नसो. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात मल्टिव्हेरिएबल किंवा लिनिअर अल्जिब्रा मिळत असेल तर फारच छान. पाच एपींच्या यादीपेक्षा ते तिच्या जास्त उपयोगी पडेल.

विहंग, 11 जुलै

नमस्कार. मी इथे सहसा फक्त वाचतो, आई इथली जुनी सभासद आहे. मी आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात जाईन, इंजिनिअरिंग.

मैथिली काकू, ताईला सांगा की कॉलेजात गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यांनंतर कुणीच कुणाला एपीचे गुण विचारत नाही. पण क्रेडिटचा उपयोग मला खूप झाला. इंग्लिश आणि इकॉनॉमिक्सच्या क्रेडिटमुळे माझी एका सेमिस्टरला जागा मोकळी झाली, त्यात मी लॅबमध्ये काम केलं. शिवाय क्रेडिट जास्त असले की कोर्स नोंदवायची पाळी लवकर येते, आमच्याकडे तरी. सकाळी आठचा सेक्शन नको असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

गणिताचं मी उलटं केलं. बीसीचा 5 होता तरी कॅल्क्युलस 2 परत घेतलं. आई-बाबांना ते पटलं नव्हतं, मिळालेलं क्रेडिट का सोडतोस म्हणाले. पण पुढे डिफरन्शियल इक्वेशन्सला आणि सर्किट्सला मला त्याचा फायदा झाला. अनुराधा मावशी म्हणतायत ते चाचणीचं पेन थांबणं मी आजूबाजूला बघितलंय.

पाच एपींबद्दल: मी बारावीत पाच घेतले होते. ऑक्टोबरमध्ये अर्जांचे निबंध, त्यात पाच विषयांचा अभ्यास. निबंध रात्री एक वाजता लिहिले जायचे. निबंध प्रवेशाला पोचतात, एपीचे स्कोअर पोचत नाहीत, हे निशिकांत काकांनी लिहिलंय ते तिला वाचायला द्या.

सुप्रिया_ओहायो, 11 जुलै

मेडिकलचा विचार आहे म्हणून लिहिते, मी हॉस्पिटलमध्ये काम करते आणि पुतणी नुकतीच यातून गेलीय.

बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स या मेडिकलच्या पूर्वअटींच्या विषयांत एपीचं क्रेडिट बऱ्याच मेडिकल कॉलेजांना चालत नाही. काहींना चालतं, पण त्याच विषयाचा वरच्या पातळीचा कोर्स कॉलेजात केलेला हवा असतो. म्हणून एपी केमिस्ट्रीत 5 आला की कॉलेजातली जनरल केमिस्ट्री सोडून द्यायची, असं करण्याआधी हव्या त्या मेडिकल कॉलेजांची पानं उघडून बघा. पुतणीनं जनरल केमिस्ट्री पुन्हा केली. एपी केलेलं असल्यामुळे तिला ती सोपी गेली आणि ग्रेडही चांगली आली. मेडिकलसाठी कॉलेजचा जीपीए किती सांभाळावा लागतो ते वेगळं सांगायला नको.

एपीचा खरा फायदा इथे दिसतो असं मला वाटतं: क्रेडिट नाही घेतलं तरी पाया तयार असतो.

डॅलसकर, 11 जुलै

क्रेडिटबद्दल एक भर. प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा आणि महागड्या कॉलेजांत तो जास्त कडक. यूसीत 3 पासून युनिट (तिथे क्रेडिटला म्हणतात) मिळतात, रटगर्समध्ये 4 किंवा 5 लागतो. एमआयटीत बीसीच्या 5 ला पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट आहे, 4 ला नाही. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही. डार्टमथनं 2013 मध्ये जाहीर केलं आणि 2014 पासून आलेल्या मुलांना क्रेडिट देणं थांबवलं, वरच्या वर्गात बसायची मुभा तेवढी ठेवली. "पाच एपी घेतले की एक वर्ष वाचतं" हे वाक्य म्हणूनच सगळीकडे लागू होत नाही. इंजिनिअरिंगला तर एकापुढे एक साखळीनं कोर्स असतात, चाळीस युनिट घेऊन गेलात तरी चार वर्षं लागू शकतात.

मंदार_व्हर्जिनिया, 12 जुलै

इथे जे कुणी सातवी-आठवीतल्या मुलांचे पालक वाचत असतील त्यांच्यासाठी. सगळ्या शाळांत एपी नसतात आणि नसले म्हणून मुलाचं नुकसान होत नाही. वॉशिंग्टनच्या आसपासच्या आठ नामवंत खाजगी शाळांनी 2018 मध्ये जाहीर केलं की 2022 पर्यंत आम्ही एपी बंद करणार, आमचे स्वतःचे कोर्स शिकवणार. सिडवेल फ्रेंड्स, जॉर्जटाउन डे, सेंट अल्बन्स वगैरे. तिथली मुलं आजही चांगल्या कॉलेजात जातायत. अर्थात त्या शाळांचं नाव समित्यांना माहीत असतं. गावातल्या साध्या सरकारी शाळेनं तेच केलं तर चालेलच असं नाही. मोठ्या शाळांना जे परवडतं ते बाकीच्यांना परवडत नाही, आणि छोट्या गावातल्या मुलासाठी एपीचा 5 ही स्वतःला दाखवायची मोठी संधी असते. म्हणून एपीला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. 1956 मध्ये पहिल्या परीक्षा झाल्या तेव्हा त्या मोजक्या शाळांतल्या मुलांसाठी होत्या, आता गल्लीतल्या शाळेतही कॅल्क्युलस शिकवलं जातं. ही चांगलीच गोष्ट झाली.

आणखी एक. एपीत चिनी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, लॅटिन आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. शनिवारच्या मराठी शाळेत दहा वर्षं जाणाऱ्या मुलांसाठी सील ऑफ बायलिटरसी (दोन भाषा लिहिता-वाचता येतात याची शाळेची पावती) हा मार्ग आहे. आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठीसाठी तो मिळतो का ते काउन्सेलरला जरूर विचारा.

शर्वरीची_आई, 12 जुलै

पुण्याहून लिहितेय, धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. मुलगी अकरावीत आहे, सीबीएसई, जेईईचा क्लासही चालू आहे. तिला अमेरिकेत अंडरग्रॅडला जायचंय. तिच्या शाळेत एपी नाही. एका सल्लागारानं सहा एपी द्यायला सांगितलेत आणि त्याचं पॅकेज दिलंय, रक्कम बघून छाती दडपली. खरंच सहा लागतात का? आणि शाळेत एपी नसताना परीक्षा द्यायची कुठे?

अनुराधा_मिशिगन, 12 जुलै

शर्वरीची आई, सहा लागत नाहीत. भारतातल्या बोर्डाच्या मुलीकडून एपीची अपेक्षाच नसते. तिची नववी ते बारावीची गुणपत्रकं आणि शाळेचा संदर्भ बघितला जातो. पूर्वी आपल्याकडची मुलं एसएटी सब्जेक्ट टेस्ट द्यायची. त्या कॉलेज बोर्डानं जानेवारी 2021 मध्ये बंद केल्याचं जाहीर केल्यापासून एपीकडे ओढा वाढला. जेईईची तयारी चालू असेल तर कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी हे दोन विषय तिला जवळचे. फिजिक्स सीच्या मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम अशा दोन वेगळ्या परीक्षा असतात. दोन किंवा तीन चांगले स्कोअर पुष्कळ झाले.

तिला अडचण येईल ती लिहिण्याची. जेईईत पर्याय निवडायचा किंवा आकडा भरायचा असतो, इथे पायऱ्या आणि कारणं लिहायची. जुने लेखी प्रश्न आणि त्यांचे गुणनियम कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, खान अकॅडमीवर धडेही आहेत. त्यासाठी पॅकेज घेऊ नका.

परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसू देणाऱ्या शाळांत किंवा केंद्रांत देता येते. यादी कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर बघा आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच त्यांना लिहा, कारण परीक्षा मेमध्ये असली तरी मागणी नोंदवायची मुदत नोव्हेंबरच्या मध्यात संपते. नंतर नोंदवलं तर 40 डॉलर जास्त, आणि भारतात मुळातली फीही अमेरिकेपेक्षा जास्त आहे. तिनं अकरावीच्या शेवटी, म्हणजे 2026 च्या मेमध्ये परीक्षा दिली तरच गुण अर्जाला उपयोगी पडतील. बारावीच्या मेमध्ये बोर्ड आणि जेईई सांभाळून एपी देण्यात काही अर्थ नाही.

रोखठोक, 12 जुलै

अनुराधाताईंनी पॅकेजबद्दल लिहिलं ते बरं झालं. इथेही तेच चालू आहे. पालकांच्या काळजीवर दुकानं उभी आहेत.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसनं आपल्याच विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. कॉलेजच्या पातळीचे पाच कोर्स शाळेत केलेल्या मुलांची पहिल्या वर्षाची कामगिरी न केलेल्यांपेक्षा चांगली होती, पण पाचाच्या पुढे संख्या वाढवून फारसा फरक दिसला नाही. दहा-बारा एपींच्या मागे लागलेल्या पालकांनी हे लक्षात घ्यावं.

मैथिली_एनजे, 13 जुलै

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. काल लेकीला शेजारी बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. तिला मराठी वाचताना वेळ लागतो, पण विहंगचा प्रतिसाद तिनं स्वतः वाचला.

काउन्सेलरला ईमेल केला. आमच्या शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर स्कोअर छापत नाहीत. तिची एसएटी चांगली आहे, त्यामुळे येलला एसएटी द्यायची. यूटीच्या अर्जात हिस्टरीचा 3 लिहायचा. बाकी ठिकाणी ती स्वतः ठरवेल, मी मध्ये पडणार नाही.

बारावीसाठी पाचाचे तीन झाले: फिजिक्स सी, बायोलॉजी आणि इंग्लिश लिटरेचर. गणितासाठी काउंटी कॉलेजातला (न्यू जर्सीतलं कम्युनिटी कॉलेज) मल्टिव्हेरिएबलचा संध्याकाळचा वर्ग बघतोय. त्याचे क्रेडिट रटगर्सला चालतात का, कुणाला माहीत आहे का?

निशिकांत, 13 जुलै

छान ठरवलंत. न्यू जर्सीतल्या काउंटी कॉलेजांचे कोर्स रटगर्सला कसे लागू होतात ते बघायला एनजे ट्रान्सफर नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे. कॉलेज आणि कोर्स क्रमांक टाकला की समोरचा कोर्स दिसतो. त्या वर्गाची ग्रेड मात्र कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर राहते आणि मेडिकलच्या अर्जातही धरली जाते, हे तिला आधी सांगून ठेवा. जमत नाही असं वाटलं तर मुदतीच्या आत वर्ग सोडता येतो, ती तारीख पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

मैथिली_एनजे, 13 जुलै

हे मला माहीतच नव्हतं. उद्याच फोन करते. धन्यवाद.